आकडा तीनचा, आजोबा बासष्टचे

पुण्यातल्या धनकवडीहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

“माझे सासरे एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, स्वारगेट डेपोला. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा बारावीत आहे, सतरा पूर्ण. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ नावाचा खेळ आहे. दिवाळीत त्यानं गंमत म्हणून आजोबांना बसवलं, तेव्हापासून जेवणं आटोपली की ते तिथंच. कधी कधी रात्रीचा एक वाजतो. त्यांनी एक वही केली आहे. कुठून निघाले, कुठे पोचले, किती किलोमीटर, सगळं लिहितात. लाल सिग्नलला थांबून हँडब्रेक ओढतात. डावा हात मधूनमधून गिअरची दांडी शोधतो आणि टेबलावर नुसताच आपटतो, ते बघून मला कसंसंच होतं. आता दोघं मागे लागलेत की तीस हजारांचं स्टिअरिंग घ्यायचं. आमच्या ह्यांना हे अजिबात पटत नाही. त्यांनी नेटवर बघितलं तर त्या खेळावर वय ३ असं लिहिलंय. म्हणतात, तीन वर्षांच्या पोरांचा खेळ बासष्ट वर्षांचा माणूस खेळतो, लोक काय म्हणतील? मुलाचं तिसरंच. तो म्हणतो, मला आता ड्रायव्हिंग क्लासची गरज नाही, गाडी मला येते. हा खेळ नक्की कोणासाठी बनवलाय? आणि पैसे घालावेत का?”

सूनबाई, नमस्कार.

आधी त्या तीनचा निकाल लावू, म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल. तो आकडा ‘पेगी’ नावाच्या युरोपातल्या मानांकनाचा आहे. खेळात रक्तपात, शिव्या, भीतीदायक दृश्यं, जुगार यांतलं काय आणि किती आहे, हे बघून ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा देतात. ३ म्हणजे लहान मूल शेजारी बसलं तरी हरकत नाही, एवढंच. खेळ कोणाला आवडेल, कोणाला जमेल, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. वरण-भात-तूप बाळाच्या उष्टावणापासून चालतं, म्हणून ते काही बाळाचं जेवण होत नाही. तुमचे यजमानसुद्धा रविवारी दुपारी तेच मागत असणार. आणि खरंच एखाद्या तीन वर्षांच्या पोराला त्या ट्रकवर बसवून बघा. पाच मिनिटांत ट्रक कठड्यावर आणि पोरगं स्वयंपाकघरात.

आता मुख्य प्रश्न. गाडी चालवण्याचे खेळ सगळे सारखेच दिसतात, पण ते एकाच गिऱ्हाइकासाठी केलेले नसतात. एक जात आहे नुसत्या पळवापळवीची. रिक्षात शेजारी बसलेला मुलगा मोबाइलवर खेळत असतो ना, ती. धडकलात तरी गाडी टुणकन उडून परत रस्त्यावर. दुसरी जात शर्यतीच्या अभ्यासाची. जपानमध्ये १९९७ साली ‘ग्रान तुरिस्मो’ आला तो स्वतःला खरा ड्रायव्हिंग सिम्युलेटर म्हणवतच. त्यात मोठ्या शर्यतींत उतरायचं तर आधी लायसनच्या परीक्षा द्याव्या लागतात. इटलीतल्या एका कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ त्याच्याही पुढचा, त्यातले काही ट्रॅक लेसरनं मोजून बनवलेत. ही मंडळी टायर किती तापला, हवा किती भरली यावर तासन्‌तास वाद घालतात. माझा भाचा त्यांतला, म्हणून मला हे सगळं कानावरून ऐकून ठाऊक आहे. माझी मागणी असती तर मी वेगळं काही ऐकलं असतं.

तुमच्या सासऱ्यांचा खेळ तिसऱ्या जातीचा, कामाचा. तो प्रागमधल्या ‘एससीएस सॉफ्टवेअर’ या कंपनीनं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आणला. इतकी वर्षं झाली तरी त्यात नवनवे देश घालणं चालूच आहे. त्यात शर्यत नाही. पहिलं येणं नाही, कारण दुसरं कोणी स्पर्धेतच नसतं. सुरुवातीला तुम्ही दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर. पुढे बँकेचं कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायचा, मग गॅरेज, मग हाताखाली ड्रायव्हर. माल भरायचा, शेकडो किलोमीटर हाकायचा, धक्का न लावता उतरवायचा. सिग्नल तोडला की दंड, वेग वाढला की दंड, रात्री दिवे लावायचे विसरलात तरी दंड. तेव्हा “आजोबा, कोणी बघत नाही” असं तुमचा मुलगा म्हणत असला तर त्याला सांगा, खेळ बघत असतो, आणि पैसेही कापतो. झोप आली की गाडीतला ड्रायव्हर जांभया देतो, पडदा काळा व्हायला लागतो, आणि गाडी बाजूला घेऊन निजावंच लागतं.

हे वाचून सामान्य माणूस विचारतो, यात खेळ कुठे आहे? ही तर नोकरी झाली. तेच तर! रस्ता, आरसे, मागे वीस टन ओझं आणि वेळेत पोचण्याची जबाबदारी, यातच ज्याला गोडी वाटते त्याच्यासाठी हा खेळ आहे. दिवसभर ऑफिसात डोकं शिणलेली माणसं तो खेळतात, आणि खरेखुरे ट्रक ड्रायव्हरही खेळतात. दिवसभर ट्रक चालवून रात्री परत ट्रकच, हे मला पहिल्यांदा ऐकताना वेडेपणा वाटला होता. मग आठवलं, माझी आई शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारी शेजारच्या पोरांच्या वह्या मागून आणायची, तपासायला. लाल पेन तिचं स्वतःचं.

तुमच्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं गाडी चालवली. या काळात त्यांच्या चालवण्याबद्दल त्यांना कोणी काय सांगितलं असेल? गाडी लेट झाली तर प्रवासी बोलले असतील, डिझेल जास्त लागलं तर डेपोत विचारलं असेल. वस्तीची गाडी पावसाळ्यात घाटातून नीट काढली म्हणून सकाळी कोणी हार घेऊन उभं राहत नाही. नीट पोचलेल्या फेरीची बातमी होत नसते. आता तोच माणूस पडद्यावर ट्रेलर उलटा लावतो आणि समोर लिहून येतं की माल शाबूत, पार्किंग अचूक, एवढे गुण. तुम्ही लिहिलंय तो डावा हात मला तरी केविलवाणा वाटला नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, दांडी डावीकडे. एकतीस वर्षं तो हात तिथंच जात होता, तो आत्ता कुठे जाईल?

त्या ट्रेलरबद्दल थोडं सांगते, कारण मी ते करून बघितलंय. भाच्याकडे कोथरूडला गेले होते. “मावशी, ही एवढी गाडी गोदामाच्या दाराशी मागे घे,” म्हणून त्यानं मला बसवलं. मी चारचाकी वीस वर्षं चालवते आहे, वाटलं, त्यात काय. ट्रेलरला मागं घेताना सगळं उलटं असतं. शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं, आणि ते वळायला लागलं की लगेच परत सोडायचं, नाहीतर ट्रक आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. मी चार वेळा मिटवली. भाच्याचा चहा झाला, दाढी झाली, आंघोळ झाली, तरी माझी गाडी अंगणात आडवीच. शेवटी एक बटण असतं, ते दाबलं की पार्किंग आपोआप होतं आणि गुण मिळत नाहीत. मी निमूटपणे ते दाबलं. तुमच्या सासऱ्यांना हे बटण माहीतसुद्धा नसेल, अशी माझी पैज आहे.

आता तुमच्या यजमानांबद्दल. “लोक काय म्हणतील” हे त्यांचं वरवरचं म्हणणं असावं, असं मला पत्रावरून वाटतं. वडील निवृत्तीनंतर पारावर बसले, पेपर वाचला, हरिपाठाला गेले, की ते मुलाला ओळखीचं वाटतं. खुर्चीत बसून बर्मिंगहॅमला माल पोचवणारे वडील अनोळखी वाटतात. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. एका रात्री दहा मिनिटं त्यांना वडिलांशेजारी बसवा, नुसतं बघायला. शक्यतो वडील रस्त्यावर असताना, गोदामात नको. आणि जागरणाबद्दल मात्र मी यजमानांच्या बाजूची आहे. बासष्टाव्या वर्षी रोज रात्री एक वाजेपर्यंत पडद्यासमोर बसणं बरं नव्हे. त्यांना वय सांगू नका, ड्युटी सांगा. युरोपात ट्रक ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाला साधारण नऊ तासांवर चालवता येत नाही. आपल्याकडेही त्यांच्या नोकरीच्या काळात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याची दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. घरी एकच नियम ठेवा, की खेळातला ड्रायव्हर निजला की आजोबाही निजणार. या खेळात शहराबाहेरचं अंतर खऱ्यापेक्षा एकोणीसपट आखूड केलेलं आहे. पुणे-कोल्हापूरएवढी फेरी दहा मिनिटांत होते. तेव्हा साडेनऊला बसलं तरी अकरापर्यंत वहीचं पान भरतं.

नातवाकडे वळते, कारण खरी काळजी मला तिथं वाटते.

“गाडी मला येते” या वाक्यात थोडं खरं आहे. आरसे बघण्याची सवय, वळण्याआधी इंडिकेटर, लांबून ब्रेकचा अंदाज, हे त्या खेळातून अंगी लागतं. तो कदाचित असंही म्हणेल की खेळ खेळून रेसर झालेली माणसं आहेत. आहेत. ‘ग्रान तुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून निसाननं २००८ पासून काही वर्षं रेसर निवडले, २०११ चा विजेता यान मार्डेनबरो पुढे खऱ्या शर्यतींत उतरला. पण खेळाच्या खुर्चीवरून त्यांना थेट रेसमध्ये नाही सोडलं. आधी व्यायाम, मग खऱ्या गाडीवर शिक्षण, मग परवाना. शिवाय रेसच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. लक्ष्मी रोडवर तसं काही असतं का?

त्याच्या कीबोर्डला क्लच नाही. चढावर गाडी थांबली की हाफ क्लचला ती थरथरते, पाऊल एक केस इकडेतिकडे झालं की मागं घसरते किंवा बंद पडते, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो. हे पडद्यावर शिकता येत नाही, कारण गाडी अंगाला कळावी लागते आणि खुर्ची थरथरत नाही. खेळातला बराचसा नकाशा रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचा. डावीकडून चालवायचं असेल तर त्यानं ब्रिटनमधल्या फेऱ्या घ्याव्यात. उजव्या स्टिअरिंगची केबिनही त्यात मिळते. तरीसुद्धा तिथं आपल्या डाव्या अंगानं ओव्हरटेक करणारी स्कूटर नाही, पाय बाहेर काढून वळणारा रिक्षावाला नाही आणि हात वर करून थेट रस्त्यात उतरणाऱ्या आजी नाहीत.

एक गोष्ट मात्र त्याला आजोबांकडून त्याच खेळात शिकता येईल. तुम्ही धनकवडीत राहता, म्हणजे नवले पुलाचा उतार तुम्हाला सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यापासून लांबलचक उतार, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे अवजड गाड्यांचे ड्रायव्हर. गिअर काढला की इंजिनचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून सुटतात. इंजिनच बंद केलं तर हवेच्या ब्रेकची हवाही भरत नाही. पुढे काय होतं ते आपण पेपरात वाचतो. खेळात आल्प्सचे उतार आहेत, इंजिन ब्रेक आहे, ब्रेकचं पेडल न दाबता वेग आवरणारा रिटार्डर आहे. आजोबांना विनंती करा की नातवाला शेजारी बसवून एक उतार ब्रेकला पाय न लावता, नुसत्या गिअरवर उतरवून दाखवा. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरला हे बोलून सांगता येईलच असं नाही, करून दाखवता येतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. चारचाकीचं लर्निंग लायसन अठरा पूर्ण झाल्यावरच. ते सहा महिने चालतं, आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. पुण्यात चारचाकीची ही परीक्षा नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर होते. तिथं आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढ असतो. चढावर काय होतं ते वर लिहिलंच आहे. तोवर “सोसायटीच्या गेटपर्यंतच नेतो” हेसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला दोन जीव गेले तेव्हा स्टिअरिंगवर सतरा वर्षांचाच मुलगा होता. तुमचा मुलगा गुणी आहे, आजोबांना हौसेनं खेळायला बसवतो. म्हणूनच त्याला हे त्याच्या वडिलांनी सांगावं, आणि किल्ली कुठे ठेवता तेही बघावं.

अठरा झाले की क्लास लावाच. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो, ही सोय तुमच्या घरच्या गाडीत नाही. क्लासनंतर रविवारी सकाळी सहाला, ‘एल’ची पाटी लावून, शेजारी आजोबा. मात्र त्याआधी आजोबांचं लायसन काढून तारीख बघा. निवृत्तीनंतर नूतनीकरण राहून गेलेले पुष्कळ आहेत, आणि शेजारी बसणाऱ्याचं लायसन चालू असावंच लागतं. या वयात त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे त्यानिमित्तानं डोळेही तपासून होतील.

राहिले पैसे. घ्या, पण तीस हजार आत्ता नको. बाजारात स्वस्त स्टिअरिंग मिळतात ती बहुतेक २७० अंशांत फिरतात, पाऊण वळसा. ती पळवापळवीच्या खेळासाठी. ज्यानं आयुष्यभर एसटीचं चाक खांद्यापासून फिरवलं त्याला ते खेळण्यातलं वाटेल आणि आठवड्यात माळ्यावर जाईल. निदान ९०० अंशांचं हवं, म्हणजे अडीच वळसे. तीन पेडलचं हवं, क्लचसकट. आणि गिअरची दांडी बऱ्याचदा वेगळी विकत घ्यावी लागते हे दुकानदाराला आधी विचारा, नाहीतर सगळं आणून तो डावा हात परत टेबलावरच आपटायचा. पुण्यात कॉलेजची पोरं हॉस्टेल सोडताना असे संच अर्ध्या किमतीत काढतात. नातवाला कामाला लावा. जोडून, चालवून बघून मगच पैसे द्यायचे. आणि पैसे आजोबांना द्यायचे असतील तर देऊ द्या. त्यांच्या पेन्शनीतून नातवाच्या नावावर नव्हे, स्वतःसाठी घेऊ द्या.

मोबाइलवर इंडोनेशियाचा एक बसचा खेळ आहे, २०१७ पासून, त्यात एसटीच्या लाल रंगाची गाडीही पोरांनी करून ठेवली आहे. नातू दाखवील कदाचित. काचेवर बोट घासून बस चालवणं आजोबांना रुचेल असं मला वाटत नाही, पण रंग बघून हसतील.

गाण्यांचंही जमतं. त्या खेळाच्या फोल्डरमध्ये आपली गाणी टाकली की ट्रकच्या रेडिओवर लागतात. कोणती टाकायची ते नातवानं आजोबांना विचारावं.

आणि संच आणलात तर पहिल्याच दिवशी खुर्ची बदला. चाकांच्या खुर्चीवर बसून ब्रेक दाबला की पेडल जागच्या जागी आणि माणूस मागे भिंतीकडे. फरशीवर पेडलही सरकतात. भिंतीला एक फळी टेकवा, खाली पोतं घाला, आणि जेवणाच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची रात्रीपुरती आत न्या.